चारशेवीस बाय पाचशे चौऱ्याण्णव

परवा आमची ज्यूरी झाली. ज्यूरी म्हणजे सहा महिने केलेलं काम भिंतीवर टांगायचं, त्याखाली उभं राहायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते सोडून आपल्या चपलांकडे बघायचं. तिच्या आदल्या संध्याकाळी मी पोस्टर छापायला शनिवार पेठेतल्या एका फ्लेक्सवाल्याकडे गेले. माझ्या पदवीचं नाव 'ग्राफिक डिझाइन आणि डिजिटल मीडिया' असं असलं, तरी त्यातलं 'डिजिटल' फीच्या पावतीपुरतं. शेवटी सगळे फ्लेक्सवाल्याच्याच दारात.

पोस्टर साधं होतं. एकच अक्षर, ल. मराठी वळणाचा. आपला ल वेगळा, हिंदीतला वेगळा. बऱ्याच फॉण्टांत न विचारता हिंदी वळण येऊन बसतं. सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे असं सांगितलं, आणि फॉण्ट करणाऱ्यानं आपलंही वळण काढून ठेवलं असलं, तरच आपला ल मिळतो. या एका अक्षरावर मी अख्खं सेमिस्टर घातलं. खाली उजव्या कोपऱ्यात गडद निळा ल, बाकी सगळं कोरं. मेहनत कोऱ्या भागाची जास्त होती, पण हे आईलासुद्धा पटत नाही.

दुकानात एक काका आधीच बसलेले होते. पांढरा कडक शर्ट, बोटांत अंगठ्या, खुर्ची ऑपरेटरच्या इतकी जवळ की माउस नक्की कोण चालवतंय ते कळू नये. स्क्रीनवर कोरल या सॉफ्टवेअरमध्ये कुणा भाऊंचा वाढदिवस चालला होता. ऑपरेटरनं माझा पेन ड्राइव्ह लावला आणि भाऊंच्या जागी माझा ल आला.

"हे काय ए?"

"पोस्टर आहे, काका."

"कशाचं?"

"ल चं."

"ल म्हंजे?"

"लसणातला."

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढचं कुठंय?"

"पुढचं काही नाही. एवढंच आहे."

काकांनी ऑपरेटरला हळूच विचारलं, "फाइल करप्ट झाली का रे?"

ऑपरेटरनं साइज विचारली. म्हटलं, ए-टू, चारशेवीस बाय पाचशे चौऱ्याण्णव मिलिमीटर.

"चारशेवीसच वाटतंय," काका म्हणाले. "मला एक सांग ताई, हा पैशे फुटावर घेतो. मग ह्या मोकळ्या जागेचे पण लागणार?"

"हो."

"आन् तरी सोडली?"

काका उठले आणि स्क्रीनला बोट लावून मोजू लागले. हिथं पाच, हिथं पाच, मधी सायेब. "चाळीस पोरं आरामात बसतील गं! मधी तुझा ल ठेव की, कोण नाही म्हणतंय?"

बाउहाउस ही जर्मनीतली डिझाइनची शाळा १९१९ साली वायमारमध्ये सुरू झाली आणि १९३३ साली बंद पडली. चौदा वर्षं चाललेल्या त्या शाळेबद्दल मी परीक्षेत पुरवण्या लावून लिहिलंय. त्यातलं एक वाक्य त्या क्षणी आठवेल तर शपथ.

आणि खरा राग याचा की काकांना सगळं कळत होतं. 'हायरार्की', म्हणजे पानावर आधी काय दिसावं आणि नंतर काय त्याची उतरंड, हा विषय आम्हाला सर स्लाइडांवर शिकवतात. काकांनी तो उभ्या उभ्या शिकवला. दिल्लीचे सर्वांत वर, पण लहान गोलात, कारण ते येणार नाहीत. मुंबईचे त्यांच्या खाली, पण गोल मोठा, कारण ते येऊ शकतात. भाऊ मध्ये, कमरेपर्यंत, चालत येताना. खाली कार्यकर्ते, प्रत्येकाचं डोकं सारख्या मापाचं, मिलिमीटरचा फरक पडला तर रात्री दारात भांडण. आमच्या वर्गात ग्रिड चुकली तर मार्क जातात. काकांच्या ग्रिडमध्ये वॉर्ड जातो.

"मॅडम, तुम्ही फोटोशॉपवाल्या ना?" ऑपरेटर म्हणाला. "एवढी डोकी कापून द्या. तोवर तुमचं मशीनला लावतो."

इथे नाही म्हणता येत नाही. ज्यूरी सकाळी, मशीन त्याचं. मी बसले. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, व्हॉट्सॲपवरून आलेला. भाऊंचे केस आणि मागचा काळा पडदा यांच्यातली सीमारेषा प्रत्यक्ष परमेश्वरालाही ठाऊक नसावी. पेन टूल घेऊन मी ती आखत गेले. काका मागून सूचना करत होते. "रंग उजळ कर. पोट आत घे. गॉगल राहू दे."

मग भाऊंच्या शेजारच्या माणसापाशी आलो.

"ह्याला काढ. तो गेला तिकडं."

काढला. पण त्याचा हात भाऊंच्या खांद्यावर राहिला.

"हात पण काढू का?"

काकांनी विचार केला. "राहू दे. परत आला तर?"

मी पुढच्या डोक्याकडे वळले, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. "नको, काढच. नुसता हात दिसला तर लोक भलताच पक्ष समजतील."

भाऊंचा खांदा मी नव्यानं रंगवला. त्या शर्टाच्या चुण्या माझ्या पोर्टफोलिओत असायला हव्या होत्या. पैसे? "पोरगीसारखी आहेस," काका म्हणाले, आणि हिशेब मिटला. आमच्या धंद्यात हे वाक्य चलनात आहे. आत्याच्या पापड उद्योगाचा लोगो, मावसभावाची लग्नपत्रिका, सोसायटीच्या सत्यनारायणाचं 'छोटंसं काहीतरी', सगळं दोन मिनिटांचं काम असतं आणि सगळं घरचंच असतं. सॉफ्टवेअरचा महिन्याचा हप्ता मात्र घरचा कुणी भरत नाही. अलीकडे भर पडलीय ती "आता ते एआय करतं ना?" याची. करतं की. मग रात्री अकराला मला का फोन करता? विंडोजबरोबर आलेला मंगल फॉण्ट र. कृ. जोशींनी केला. कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं त्यात अर्ज, नोटिसा, परिपत्रकं निघाली. ती टाइप करणाऱ्या एकाला तरी त्यांचं नाव विचारून बघा. त्यांची ही गत, तर पापडाच्या लोगोखाली माझं नाव कोण घालणार?

असो. माझा निळा जांभळा आला.

"मशीनच तसं आहे," ऑपरेटर म्हणाला. निळ्यात किरमिजी जास्त झाला की तो जांभळ्याकडे झुकतो, हे मलाही ठाऊक आहे, म्हणून मी रंगाचे आकडे लिहून दिले होते. ते त्यानं वाचले नव्हते, कारण तो काकांसाठी भाऊंचा गुलाल नीट करत होता. पुन्हा छापायला नव्यानं पैसे लागणार होते, आणि शटर अर्धं खाली आलं होतं.

ज्यूरीत परीक्षकांनी विचारलं, "जांभळाच का?" मी त्याला सांस्कृतिक संदर्भ दिला. त्यांनी तो लिहून घेतला.

काल चौकात भाऊंचा फ्लेक्स लागला. खांदा उत्तम जमलाय. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे माझ्या पोस्टरवर ल होता, तिथे 'डिझाइन : ताई' आणि माझा मोबाइल नंबर. नंबर मी बिलावर लिहिला होता, काकांनी उपकाराची फेड केली. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. या फ्लेक्सवर परवानगीचा क्रमांक नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. उद्या महापालिकेनं कारवाई करायची ठरवली, तर त्या अख्ख्या फ्लेक्सवर सापडण्याजोगा माणूस मी एकटी.

फोन सुरू झालेत. दोन जावळं, एक दहीहंडी. मघाशी एका गृहस्थांचा आला, फार हळू बोलत होते.

"ताई, श्रद्धांजलीचा करायचाय. पण आमच्याकडं दादांचा एकच फोटो आहे, आणि त्यात ते लई हसतायत. तोंड जरा मिटवता येईल का?"

"येईल," मी म्हटलं. "फक्त फोटो फोटो म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाटतो."