सर्वेक्षण मंजूर म्हणजे रेल्वे मंजूर नव्हे

"साहेबांच्या पाठपुराव्याला यश! नवीन रेल्वेमार्ग मंजूर, सर्वेक्षणासाठी निधी आला, संपूर्ण खर्च केंद्राचा, तीन वर्षांत गाडी धावणार." तालुक्याचं आणि नेत्याचं नाव बदलून अशा आशयाचा मजकूर महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात फिरतच असतो. सोबत दिल्लीत निवेदन देतानाचा फोटो. निवेदन द्यायला हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण या मजकुरावर विसंबून लोक जमिनी विकतात, "स्टेशनजवळचे" प्लॉट घेतात. म्हणून त्यातली विधानं एकेक करून तपासायला हवीत.

"सर्वेक्षणाला मंजुरी मिळाली म्हणजे मार्ग मंजूर झाला"

नाही. सर्वेक्षण हा अभ्यास आहे, बांधकामाचा आदेश नाही. आधी प्राथमिक अभियांत्रिकी व वाहतूक सर्वेक्षण होतं. त्यात प्रवासी किती मिळतील, साखर, कांदा, सिमेंट, कोळसा असा माल किती मिळेल, ढोबळ मार्ग कुठून जाईल, खर्च किती आणि परतावा किती, हे मांडतात. बरेच प्रस्ताव इथेच अडतात आणि त्याचं कारण बहुतेकदा मालवाहतूक असते. प्रवासी भाड्यातून रेल्वेचा खर्च निघत नाही, ती तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरली जाते. त्यामुळे "आमच्याकडे प्रवासी खूप आहेत" एवढ्यावर प्रस्ताव टिकत नाही.

यातून तरलं तर अंतिम स्थान सर्वेक्षण, म्हणजे फायनल लोकेशन सर्व्हे. यात मार्गाची मध्यरेषा, चढ, वळणं, पुलांच्या जागी भूस्तराची चाचणी, स्थानकांच्या जागा ठरतात. मग सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर. 500 कोटींवरचा प्रकल्प पीएम गतिशक्ती या केंद्राच्या पायाभूत सुविधा आराखड्याखालच्या नेटवर्क प्लॅनिंग ग्रुपपुढे, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या गटापुढे, जातो. 1,000 कोटींच्या वर गेला तर निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ किंवा त्याच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीचा.

आता हे आकडे पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर झालेला जालना–जळगाव मार्ग 174 किलोमीटरचा आहे, खर्च सुमारे 7,100 कोटी. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेला मनमाड–इंदूर 309 किलोमीटरचा, खर्च 18,036 कोटी. म्हणजे किलोमीटरला 40 ते 58 कोटी. या दरानं 25 किलोमीटरचा मार्गसुद्धा हजार कोटींच्या घरात जातो. दोन तालुके जोडणारा नवीन मार्ग रेल्वेमंत्र्यांनी भेटीत "तिथल्या तिथे मंजूर केला" असं कोणी सांगत असेल, तर हजार कोटींवरच्या प्रकल्पासाठी तसा अधिकारच मंत्र्यांना नाही. मंजुरी झाली असेल तर मंत्रिमंडळ निर्णयाचं प्रसिद्धिपत्रक पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) संकेतस्थळावर तारखेसह सापडतं. तेच मागा.

"बजेटमध्ये आपल्या मार्गाचं नाव आलं आहे"

नाव येणं वेगळं आणि पैसे येणं वेगळं. रेल्वेच्या प्रत्येक झोनची (मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे वगैरे) कामं 'पिंक बुक'मध्ये, म्हणजे अर्थसंकल्पासोबतच्या कामांच्या यादीत, असतात. त्यात 'नवीन मार्ग' हे शीर्षक काढा आणि तीन रकाने वाचा: मंजुरीचं वर्ष, अपेक्षित खर्च, चालू वर्षाची तरतूद. आधी पानावर एकक काय दिलंय ते बघा, कारण आकडे सहसा हजार रुपयांत असतात. तरतुदीच्या रकान्यात नुसता 1 असेल तर ती एक कोटी नव्हे, एक हजार रुपये आहेत. काम यादीतून गळू नये म्हणून ठेवलेली ती नाममात्र रक्कम. अशा ओळीचा फोटो काढून "निधी मंजूर" म्हणून पाठवला जातो आणि पाठवणाऱ्यालाही बहुधा ते ठाऊक नसतं.

पिंक बुक पाहताना झोनही बरोबर निवडा. महाराष्ट्र म्हणजे फक्त मध्य रेल्वे नाही. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत आहे, त्याचं मुख्यालय सिकंदराबादला. मुंबईचा पश्चिम भाग पश्चिम रेल्वेत, पूर्व विदर्भाचा काही भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, कोकण रेल्वेचं महामंडळ स्वतंत्र. चुकीच्या मुख्यालयाला गेलेलं निवेदन महिनोन्महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं.

"संपूर्ण खर्च केंद्र सरकार करणार"

हा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो राज्य सरकारला जबाबदारीतून मोकळं करतो. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गात राज्याचा वाटा निम्मा आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गात 40 टक्के. राज्यानं वाटा मान्य केला तरी ते पैसे दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पात यावे लागतात आणि वेळेवर वर्ग व्हावे लागतात. हप्ता थांबला की काम रेंगाळतं आणि खर्च फुगतो.

याच्या उलट बाजूला कोकण रेल्वेचं उदाहरण अनेकदा देतात: 1990 मध्ये महामंडळ, जानेवारी 1998 मध्ये 741 किलोमीटरचा मार्ग सुरू. "इच्छाशक्ती होती म्हणून झालं" हे खरं, पण अपुरं. तिथे पैशांची स्वतंत्र व्यवस्था होती. भागभांडवलात रेल्वेचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6, आणि बाकी पैसा रोख्यांतून. सगळं काम वार्षिक तरतुदीवर अवलंबून नव्हतं.

"तीन वर्षांत गाडी"

अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी सप्टेंबर 2022 मध्ये आली, बीडला सप्टेंबर 2025 मध्ये. वर्धा–यवतमाळ–नांदेड 284 किलोमीटर, मंजुरी 2008-09 ची. वर्धा–कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. हे मंजुरीनंतरचे कालावधी आहेत, सर्वेक्षणानंतरचे नव्हेत.

आणि रूळ टाकून झाले तरी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी झाल्याशिवाय प्रवासी गाडी चालत नाही.

"साहेबांनी दिल्लीत ठणकावलं"

रेल्वे हा संघसूचीतला विषय. आमदाराला, जिल्हा परिषद सदस्याला त्यात मतदान नाही. तरी स्थानिक नेत्याच्या हातात बरंच काही असतं. आमदार राज्याच्या वाट्याचा शासन निर्णय आणि वार्षिक तरतूद यांसाठी विधिमंडळात प्रश्न लावू शकतो. बहुतेक रखडलेल्या मार्गांचा नाजूक सांधा तोच आहे. खासदार लोकसभेत लेखी प्रश्न विचारू शकतो, नियम 377 खाली मुद्दा मांडू शकतो. प्रश्न "मार्ग कधी होणार?" असा विचारला तर गुळमुळीत उत्तर येतं. "अंतिम सर्वेक्षणाचा अहवाल रेल्वे बोर्डाला कोणत्या तारखेला गेला, परतावा किती टक्के दाखवला, राज्याची संमती आली का?" असा विचारला तर तारखा आणि आकडे द्यावे लागतात. व्यापारी, साखर कारखाने, बाजार समित्या यांच्याकडून वार्षिक मालाचे लेखी आकडे गोळा करून सर्वेक्षण पथकाला देणं, हे काम तर दिल्लीला न जाता होतं आणि त्याचा परिणाम परताव्याच्या आकड्यावर थेट होतो. दहा निवेदनांपेक्षा हे एक काम मोलाचं.

"आखणी ठरली, जमिनीचे भाव वाढणार"

पुणे–नाशिक मार्गाचा 235 किलोमीटरचा प्रकल्प अहवाल तयार होता, काही गावांत भूसंपादनही सुरू झालं होतं. तरी पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून आखणी बदलावी लागली. नुसत्या सर्वेक्षणाच्या बातमीवर प्लॉट घेणं किती धोक्याचं, हे यावरून दिसतं.

शेतकऱ्यासाठी पहिला पक्का कागद म्हणजे रेल्वे अधिनियमाच्या कलम 20अ खालची अधिसूचना. तिच्यात गट क्रमांक असतात. प्रसिद्धीपासून 30 दिवसांत हरकत घेता येते, आणि बाजारभाव त्याच अधिसूचनेच्या तारखेचा धरतात. भूसंपादनाची पुढची घोषणा एका वर्षात झाली नाही तर अधिसूचना रद्द होते. तोवर सातबाऱ्यावर वारसनोंदी पूर्ण करून घ्या, कारण नाव नसलेल्या वारसाचा मोबदला वादात अडकतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः शेतात हजर राहा. विहीर, कूपनलिका, पाइपलाइन, फळझाडं त्यांच्या संख्येसह आणि वयासह पंचनाम्यात आली का ते वाचूनच सही करा, आणि प्रत लगेच मागून घ्या. पंचनाम्यात राहून गेलेल्या झाडाचे पैसे नंतर मिळवणं फार अवघड जातं.