‘समर कलेक्शन’ची ताडपत्री

ज्या कोणी हा ‘समर व्हिंटेज कॅमो शर्ट’ बाजारात आणलाय, त्याला मे महिन्यात भर दुपारी देवगडच्या कातळावर उभा करायचाय. तोच शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. पाणी देऊ मधूनमधून, तेवढी माणुसकी आहे आमच्यात.

मिलिटरी प्रिंटचे शर्ट मी हौस म्हणून घेत नाही. बागेत काम असतं. आंब्याचा चीक, काजूच्या बोंडूचा रस, हे डाग एकदा पडले की काहीही लावा, कपडा जन्मभर तसाच. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांत ते दडून जातात आणि तोच शर्ट संध्याकाळी बाजारात घालून गेलं तरी कोणी वळून बघत नाही. म्हणून 899 रुपये मोजले. फोटोत सैल, मऊ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मोकळी कॉलर, मागे समुद्र. खाली ठळक अक्षरांत ‘कॉटन फील’.

आणि खरं काय आहे ते कुठे, तर आतल्या शिवणीत, चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतील अशा अक्षरांत: 100 टक्के पॉलिएस्टर. आईने नुसता हात लावला आणि निकाल दिला, “ह्यो शर्ट नाय रे, ताडपत्री आसा. आगोटीक लाकडांर घाल.” म्हणजे पावसाच्या तोंडावर सरपण झाकायला वापर.

अरे, हा कोकण आहे! इथे पारा 33-34 च्या पुढे फारसा जात नाही, पण हवाच इतकी ओली की घाम वाळतच नाही. नागपुरात 44 असलं तरी घाम निदान उडून तरी जातो. इथे तो कपड्यालाच ओढून घ्यावा लागतो. सुती सूत नुसत्या हवेतून आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मग घामाने जायचं कुठे? तो पाठीवरून ओघळत कमरेत साठतो. पेट्या भरायला बसलं की अर्ध्या तासात शर्ट अंगाला चिकटलेला, गळ्याभोवती घामोळं, आणि सावलीत जरा वाळला की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे. डाग दिसू नयेत म्हणून घेतलेल्या शर्टावर! काखेतला वास तर धुतल्यावरही जात नाही. इस्त्री फिरवली की पुन्हा हजर.

वर हे ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवणार. टॅगवर काय छापलंय माहितीये? ‘ओरिजिनल 1942 टायगर स्ट्राइप’. अरे गृहस्था, टायगर स्ट्राइप हा वाघासारख्या पट्ट्यांचा छापा व्हिएतनाम युद्धातला, 1960 च्या दशकातला. फ्रेंच छत्रीधारी सैनिकांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या छाप्यावरून निघालेला. 1942 चा तो अमेरिकन मरीन लोकांचा ‘फ्रॉगस्किन’, ठिपक्यांचा, पॅसिफिकमधल्या बेटांवर वापरलेला. आणि माझ्या शर्टावर पट्टे नाहीतच, ठिपके आहेत. म्हणजे साल बरोबर, छापा बरोबर, नाव तेवढं भलतंच. छापणाऱ्याने शर्टाकडे एकदा बघितलं असतं तरी पुरे होतं.

खरा राग याच्या पुढचा आहे. तो फ्रॉगस्किनचा गणवेश सुती होता. जाड होता, पण सुती. शिवाय दोन्ही बाजूंनी छापलेला: एक बाजू हिरवी, झाडीसाठी, उलटा केला की तपकिरी, किनाऱ्यासाठी. आमच्या शर्टाची बाही दुमडली की आतून पांढराफटक! छापा फक्त वरवर, खिशाच्या कडेला तर ठिपका अर्धाच तुटलेला. पुढे व्हिएतनाममध्ये त्याच अमेरिकनांनी जंगलासाठी मुद्दाम हलक्या सुती पॉपलिनचे गणवेश काढले, खिशांना पाणी निथळायला भोकं ठेवली. दमट जंगलात माणूस शिजतो हे युद्धखात्याला साठ वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यांचीच नक्कल करून पैसे कमावणाऱ्यांनी रंग उचलले, कापड तेवढं सोडून दिलं.

परत करायला गेलो तर उत्तर काय, ‘आपल्या पिनकोडवर पिकअप सेवा उपलब्ध नाही’. आणून द्यायला माणूस घरापर्यंत येतो, गडगा ओलांडून हाक मारतो. न्यायला मात्र आमचं गाव नकाशावर नसतं. स्वतः कुरिअर करा म्हणे. करतो, तालुक्याला जाऊन, एसटीचं तिकीट काढून, वर शंभर-दीडशे कुरिअरचे. चॅटवरचा तो कोण आहे तो प्रत्येक ओळीला ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ लिहितो. तुला घामोळं झालंय का, असं विचारलं. त्यावरही तेच.

पेठेत जाऊन बघावं तर तिथे निराळाच प्रकार. पर्यटकांसाठी टांगलेल्या शर्टांत चक्क आपल्या लष्कराचा 2022 चा डिजिटल छापा. तो लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलाय, बाहेर कोणी छापायचा नाही, विकायचा नाही. दुकानदाराला म्हटलं, तर “चाकरमानी मागतात हो, आम्ही काय करणार?” हात लावून बघितला, तोही पॉलिएस्टर.

आता मला तयार शर्ट नकोच. जुन्या छाप्याचं सुती कापड, पॉपलिन असो नाहीतर मलमल, मीटरवर कुठे मिळत असेल तर कळवा. कणकवली, कुडाळ, अगदी कोल्हापूरला जावं लागलं तरी चालेल. शिलाई आमच्या नाक्यावरचा शिंपी करतो. शर्ट गणपतीच्या आत देईन म्हणतो आणि दिवाळीला देतो, पण निदान कापड मला हाताने चाचपून घेता येईल.