कमानीवर क्रियापद नाही

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. गावाच्या वेशीवर कमान उभी राहायची आहे. "तू पौंडात कमावतोस, तुझे एकवीस हजार धरलेत," म्हणाला. नाव कुणाचं देणार, असं विचारल्यावर तो हसला. "त्यावरनंच तर दोन पार्ट्या पडल्यात."

भांडण दोन नावांवर आहे. दोघेही माजी पदाधिकारी, दोघेही हयात, आणि दोघांच्या वाढदिवसाला आमच्या सातारा रस्त्यावर फ्लेक्सची भिंत उभी राहते. गावच्या ग्रुपवर रोज रात्री साडेआठनंतर (इथे तेव्हा मी ऑफिसात असतो) एक गट 'कार्यसम्राट' लिहितो, दुसरा 'विकासपुरुष'. बेकायदा फलकांविरुद्धची याचिका आमच्याच साताऱ्यातल्या एका संस्थेची होती. उच्च न्यायालयाने २०१७ साली त्यावर सविस्तर आदेशही दिला. फलक त्याला पुरून उरले.

माझं ऑफिस लंडनमध्ये सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या जवळ आहे. दुपारचा डबा घेऊन मी पोस्टमन्स पार्क नावाच्या बागेत जाऊन बसतो. शेजारच्या मोठ्या टपाल कचेरीतली माणसं इथे जेवायला यायची, म्हणून हे नाव. बागेत एक उघडी ओसरी आहे. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स नावाच्या चित्रकाराने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सुचवलं होतं की दुसऱ्याचा जीव वाचवताना गेलेल्या साध्या माणसांचं एक स्मारक करावं. १९०० साली ही ओसरी उघडली. भिंतीवर चिनीमातीच्या पाट्या आहेत, आज एकूण ५४. पुतळा नाही, फोटो नाही.

एक पाटी ॲलिस एअर्सची. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची मुलगी. युनियन स्ट्रीटवरच्या जळत्या घरातून तिने तीन मुलांना वाचवलं आणि त्यात तिचा जीव गेला, तारीख २४ एप्रिल १८८५. पाटीवर एवढंच. ती बहिणीच्या घरी राहून तिची मुलं सांभाळायची. खिडकीतून गादी खाली टाकून तिने एकेका मुलीला त्यावर सोडलं, हे मला नंतर वाचून कळलं.

आमच्या फ्लेक्सवर काय नसतं, ते मला ही भिंत वाचताना उमगलं. त्यावर क्रियापद नसतं. आधारवड, भाग्यविधाते, जनसेवक, युवकांचे आशास्थान अशी नामं आणि विशेषणं ओळीने उभी असतात. या माणसाने नेमकं केलं काय, ते मात्र कुठेच नाही. खाली वीस शुभेच्छुकांचे चेहरे असतात, आणि फलक खरा त्यांचाच असतो.

इथलं सगळं गोमटं आहे असं नाही. याच भिंतीला लोक इतके विसरले की १९३१ नंतर पुढची पाटी लागायला ७८ वर्षं गेली. ओबीई, एमबीई अशा सरकारी सन्मानांच्या नावात अजून 'साम्राज्य' हा शब्द आहे, आणि असा सन्मान मिळाला की आपलेही लोक नावापुढे ती अक्षरं लावून मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत बसतात. २०२० साली दर गुरुवारी रात्री आठ वाजता दाराशी येऊन आम्ही सगळ्यांनी नर्सेससाठी टाळ्या वाजवल्या, दहा आठवडे. पुढच्या मार्चमध्ये सरकारने त्यांना पगारवाढ देऊ केली एक टक्का. आरडाओरडा झाला तेव्हा ती तीनवर गेली. तिकडे आपण थाळ्या वाजवल्या होत्या आणि २०२१च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर होत्या. टाळी आणि थाळी, दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही.

एक गोष्ट मात्र इथली उचलावी. लंडनच्या घरांवरच्या निळ्या गोल पाटीसाठी माणूस जाऊन वीस वर्षं व्हावी लागतात. तोवर चाहते पांगतात, कंत्राटं संपतात, काम तेवढं उरतं. डॉ. आंबेडकर विद्यार्थी असताना ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतलं. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो.

आणि तुकाराम ओंबळे? आमच्याच जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांत सहायक फौजदार. हातात काठी घेऊन त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि सोडली नाही. अशोकचक्र मिळालं, गिरगाव चौपाटीवर स्मारक झालं. पण मला सगळ्यात भावलेली आदरांजली २०२१ सालची. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी 'आयसियस तुकारामी' नाव दिलं. त्या नावाखाली कुणाचा फोटो चिकटवता येत नाही.

दादाला मी निळ्या पाटीचा नियम सांगितला आणि म्हटलं, पैसे देतो, पण कमानीवर वॉलमनचं नाव घाला. आमच्या लहानपणी पाणी सोडणारा तो माणूस पहाटे चारला सायकलवर निघायचा. आज खालची आळी, उद्या वरची, कुणाचीही पाळी चुकवली नाही. दुष्काळात सरपंचाच्या घरी जादा पाणी सोडायला त्याने नकार दिला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लिहा की: 'यांनी तीस वर्षं गावाला पाणी सोडलं.'

दादा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अरं, ते हायत की अजून. तुझ्याच नियमानं वीस वर्षं थांबावं लागंल." मी विचारलं, मग आता त्यांचं भागतं कशावर? "ग्रामपंचायतीच्या माणसाला पेन्शन कसली? पोराच्या टपरीवर बसतात."

एकवीस हजार मी पाठवलेत. कुठल्या खात्यात धरायचे, ते दादाने अजून कळवलेलं नाही.