वॉरियर जीन: एका घराण्यातला बिघाड सगळ्यांच्या माथी

तो 'वॉरियर जीन'वाला मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 1993 मध्ये हान ब्रुनर या डच डॉक्टरांनी हिंसाचाराचं जीन शोधलं, ते दर तीन पुरुषांमागे एकात असतं, त्याने मेंदूतलं सेरोटोनिन (पेशींमधले निरोप नेणारं एक रसायन) कमी होऊन माणूस हिंसक होतो, रक्तातच असल्यामुळे इलाज नाही, आणि मुलाची टेस्ट आजच करून घ्या. खाली किटची लिंक. वैताग याचा की यातलं सगळंच साफ खोटं नाहीये, बऱ्याच वाक्यांत थोडंसं खरं आहे आणि ते नको तिथे नेऊन चिकटवलंय.

ब्रुनर खरे, 1993 खरं. झालं असं की 1978 मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या हॉस्पिटलात एक बाई आली. आपल्या घराण्यातल्या पुरुषांचं काहीतरी बिनसतं, ते आपल्या मुलांत उतरेल का, ही तिची भीती. त्याच घराण्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने 1962 मध्येच कोणाकोणाला हा त्रास आहे ते वंशावळ मांडून लिहून ठेवलेलं होतं. बायका ठणठणीत, अडकलेले सगळे पुरुष आणि धागा दर वेळी आईकडून आलेला, म्हणजे संशय एक्स क्रोमोसोमवर, जो पुरुषाला फक्त आईकडूनच मिळतो. शोधत शोधत ब्रुनर यांची टीम एमएओए नावाच्या जीनपाशी पोचली आणि तिथे निघालं काय, तर डीएनएचं एक अक्षर बदललेलं. सीएजीच्या जागी टीएजी. सीएजी म्हणजे पेशीला सांगणं की इथे ग्लुटामिन (प्रथिनाचा एक घटक) जोड, टीएजी म्हणजे थांब. संपलं, या जीनवरून बनणारं एंझाइम अर्धवटच राहतं, कामच करत नाही.

पण त्या पुरुषांचं वर्णन पुढे वाचा ना. बुद्धी थोडी कमी, झोपेचा त्रास, क्षुल्लक कारणावरून झेपणार नाही एवढा संताप, कोणी आग लावलेली, कोणी अंगप्रदर्शन केलेलं. एकच अक्षर बिघडलंय आणि वागणं मात्र प्रत्येकाचं वेगळं! ब्रुनर यांनी स्वतःच नंतर लिहिलं की 'आक्रमकतेचं जीन' या कल्पनेला काही अर्थ नाही, वागणं मेंदूच्या फार वरच्या पातळीवर घडतं आणि एकेकट्या जीनची तिथे फक्त लांबून सावली पडते. मेसेजवाल्याने नाव घेतलं, म्हणणं सोडून दिलं.

आता 'तिघांत एक'. खरी गोची इथे आहे. तो डच बिघाड इतका दुर्मीळ आहे की असं पूर्ण बंद पडलेलं एमएओए जगभरात मोजक्याच घराण्यांत सापडलंय. तिघांत एक जे आहे ते वेगळंच. जीन सुरू होण्याच्या आधी 30 अक्षरांचा एक तुकडा असतो, तो कोणात तीनदा येतो, कोणात चारदा, आणि तीनदावाल्यांचं जीन जरा संथ चालतं. हे 1998 मध्ये कळलं, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण एक तृतीयांश लोक तीनदावाले असतात, म्हणजे हा काही रोग नाही, ब्लड ग्रुपसारखा साधा फरक आहे. 'वॉरियर' हे नाव तर 2004 मध्ये माकडांवरच्या संशोधनाच्या बातमीतून आलं. एकीकडे नळच भिंतीतून उखडलेला, दुसरीकडे धार थोडी बारीक, आणि दोघांनाही एकच नाव देऊन टाकलंय. नळ उखडलेल्या घरात काय झालं ते सांगून बारीक धारवाल्यांना घाबरवायचं, एवढाच त्या मेसेजचा खेळ आहे.

सेरोटोनिनचं तर पार उलटं केलंय. एमएओए सेरोटोनिन मोडतं. ते बंद पडलं तर सेरोटोनिन मोडायचं राहतं, कमी कशाला होईल? डिप्रेशनची काही जुनी औषधं हेच एंझाइम अडवतात, ती घेणाऱ्याला जुनं चीज खाऊ नका असं बजावतात कारण बीपी भडकू शकतं, खून कराल म्हणून नाही. (अर्थात गर्भापासून एंझाइम नसणं आणि मोठेपणी गोळीने अडवणं यात फरक आहे, ते मान्य.)

'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांनी न्यूझीलंडचं ड्युनेडिन बघावं. तिथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांना लहानपणापासून फॉलो केलं, आणि त्यातल्या 442 मुलग्यांचा निष्कर्ष 2002 मध्ये आला. संथ जीन असलेला पण मारहाण, हेळसांड न सोसलेला मुलगा इतरांपेक्षा जास्त हिंसक निघालाच नाही. संथ जीन आणि लहानपणी छळ, दोन्ही असलेले 12 टक्के होते, हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी 44 टक्के मात्र त्यांच्या वाट्याला. म्हणजे नुसतं जीन बघून काहीच सांगता येत नव्हतं, बालपण बघून येत होतं. आणि हा निकालही नंतरच्या प्रत्येक अभ्यासात तसाच आला असं नाही, कधी आला कधी नाही.

हे असं आधीही झालंय. 1990 मध्ये 'दारूचं जीन' म्हणून डीआरडी2 गाजलं, पुढे कळलं की ज्या खुणेवर सगळी भिस्त होती ती त्या जीनमध्ये नाहीच, शेजारच्या जीनमध्ये आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) बऱ्यापैकी आनुवंशिक आहे हे जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं, पण 2023 मध्ये 38,000 हून जास्त पेशंटांचे जीनोम तपासले तेव्हा 27 जागा सापडल्या आणि एकेकीचा वाटा अगदी चिमूटभर.

इलाज नाही म्हणे. फिनाइलकीटोन्युरिया (प्रथिनांतला एक घटक शरीराला मोडता न येण्याचा जन्मजात आजार) शंभर टक्के जीनमुळे होतो, पण बाळाला जन्मल्यावर लगेच पथ्याचा आहार सुरू केला की मेंदू वाचतो.

राहिली टेस्ट. आईकडच्या पुरुषांतच पिढ्यानपिढ्या हा त्रास दिसत असेल, सोबत बुद्धीही मागे असेल, तर जेनेटिक्सचे डॉक्टर लघवीतली रसायनं बघतात, एमएओए अक्षर न अक्षर वाचतात. किटवाली टेस्ट फक्त तो 30 अक्षरी तुकडा मोजते. त्या डच घराण्यातल्या पुरुषांचा बिघाड जीनच्या आत आठव्या एक्सॉनमध्ये (एंझाइमची कृती लिहिलेल्या तुकड्यांपैकी आठव्यात) आहे, तिकडे ती बघतच नाही, त्यामुळे ज्यांच्यामुळे हा सगळा गाजावाजा झाला त्यांचा बिघाड किटमध्ये दिसणारच नाही.