पाणी कुणी घातलं?

आमच्या गॅलरीतला मोगरा गेला तेव्हा आमच्याकडे येऊन त्याला पाचच आठवडे झाले होते.

सोरतापवाडीच्या एका रोपवाटिकेतून मी त्याला मांडीवर बसवून आणलं होतं. "साहेब, याचं काही करावं लागत नाही. फक्त पाणी घालायचं," असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. माझ्यासारख्या माणसाला 'फक्त' म्हणून काही सांगू नये. मी ते फार मनावर घेतो.

मोगऱ्याने मान टाकली की मी पाणी घालायचो. त्याने आणखी मान टाकली की मी आणखी घालायचो. शेवटी एका रविवारी कुंडी उलटी केली आणि पंचनाम्याला बसलो. मुळं काळपट, लिबलिबीत, आणि वास थेट तुंबलेल्या गटाराचा. माती म्हणाल तर वरून वीट, आतून चिखल. नुसत्या पोत्यातल्या लाल मातीत कुंडी भरली की असंच होतं, हे मला तेव्हा कळलं. रोज पाणी ओतून ओतून ती माती इतकी दबते की तिच्यात हवेला जागाच उरत नाही. आणि मुळांना हवा लागते. हवा नसली की मुळं कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पानं मान टाकतात. म्हणजे पाण्यावाचून कोमेजलेलं झाड आणि पाण्यात बुडालेलं झाड दिसायला एकसारखंच. माझा मोगरा पाण्यात उभा राहून तहानेने मेला होता. आमच्या शहरातल्या पाणीपुरवठ्याशी या स्थितीचं साम्य आहे, पण तो विषय वेगळा.

तळाशी मी दोन इंच खडी घातली होती, निचरा व्हावा म्हणून. या खडीचा मला अतोनात अभिमान होता. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरतच नाही. माती पुरती भिजून चिंब झाली की मगच ते खाली सरकतं. तोवर चिखल खडीच्या डोक्यावर बसून राहतो. थोडक्यात, बारा इंची कुंडीचे पैसे देऊन मी मोगऱ्याला दहा इंची कुंडीत ठेवलं होतं.

मग प्रश्न आला तो आरोपींचा. पाणी एकटा मीच घालत होतो, असा माझा समज. चौकशीत निघालं ते असं: आई सकाळी तुळशीला पाणी घालताना "बिचाऱ्यालाही दोन थेंब" म्हणून तांब्यातलं उरलेलं मोगऱ्याला देत होती. मावशी गॅलरी पुसून झाल्यावर उरलेलं पाणी कुठे टाकायचं, म्हणून त्याच कुंडीत टाकत होत्या. बायको तांदूळ धुतलेलं पाणी आणून घालत होती, कारण ते पौष्टिक असतं. आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी. एवढं पाणी भाताच्या खाचराला पुरलं असतं.

दुसरा मोगरा आणण्याआधी मी अभ्यास करायचं ठरवलं. मातीचं मिश्रण कसं करावं, यावर प्रत्येकाला मत असतं. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एका गृहस्थांनी मला पाऊण तास अडवून निंबोळी पेंडीचं महत्त्व सांगितलं. इंग्लंडातल्या जॉन इनेस संस्थेने १९३०च्या दशकात सात भाग माती, तीन भाग पीट (म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला पाला) आणि दोन भाग वाळू असं प्रमाण ठरवून दिलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं प्रमाण त्याहून सुटसुटीत आहे: "अंदाजे." त्यांचा जास्वंद फुलांनी वाकलेला असतो, त्यामुळे वादाला जागा नाही.

मी दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड यावर स्थिरावलो. त्यातलं कोकोपीट दुकानात पाच किलोच्या विटेच्या रूपात मिळतं. वीट दिसायला निरुपद्रवी. मी ती रात्री अंघोळीच्या बादलीत भिजत घातली. पाच किलोच्या विटेचं भिजून सत्तरेक लिटर कोकोपीट होतं, ही माहिती वेष्टनावर छापलेली असते. मी वेष्टन आधीच फेकलं होतं. सकाळी आई किंचाळली. बादलीतून भुसा वर आला होता, बाहेर ओसंडून जाळीवर बसला होता आणि बाथरूममध्ये घोटाभर तांबूस पाणी साचलं होतं. शिवाय कोकोपीट धुऊनही घ्यावं लागतं, त्यात मीठ असतं म्हणून. त्या दिवशी घरात अंघोळ कुणीच केली नाही.

मिश्रण झालं, झकास झालं. मुठीत दाबलं की लाडू व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा. पाणी कसं घालायचं, तेही शिकलो. रोज घोट घोट पाजायचं नाही. घालायचं तेव्हा तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं, आणि मग माती मागेपर्यंत थांबायचं. पहिल्याच दिवशी पाणी तळातून बाहेर आलं आणि कोकोपीटचा चहासारखा रंग घेऊन खाली काकांच्या पांढऱ्या झब्ब्यावर गेलं. काकूंनी वर बघून विचारलं, "अहो, चहा सांडला का?" तेव्हापासून कुंडीखाली ताटली आहे आणि ती अर्ध्या तासात रिकामी करायची जबाबदारी माझी आहे.

माती मागते कधी, हे ओळखणं मात्र अवघड. कोकोपीट वरून वाळून फिकं पडतं, आत ओलंच असतं. उपाय एकच, दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं. आत ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. हल्ली ऑफिसात माझ्या उजव्या तर्जनीच्या नखाकडे लोक बघतात. कुंडी उचलून वजनावरूनही कळतं म्हणतात, पण एकदा उचलली तेव्हा कंबरेने मला वेगळंच काहीतरी कळवलं.

घरातल्या जलसंकटावर मी तक्ता टांगला. तारीख, वेळ, सही. बायकोने दोन दिवस सही केली. मावशींनी पेन्सिल नेली. आई म्हणाली, "तुळशीच्या पाण्याचा हिशेब ठेवत नाहीत." आणि तुळस? ती डालड्याच्या जुन्या डब्यात, कुठल्याशा मातीत, चौघांचं पाणी पिऊन कंबरेएवढी झाली आहे. मी वाकून बघितलं, तर डब्याचा तळ गंजून जवळजवळ गेलेलाच होता. घातलेलं सगळं पाणी खालून निघून जात होतं.

आज सकाळी नव्या मोगऱ्याला पहिली कळी दिसली. पानं जरा मलूल वाटली. मी इकडेतिकडे बघितलं. गॅलरीत कुणी नव्हतं. हळूच तांब्या उचलला.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आधी बोट घातलंस का?"