सेन्सर पत्र्याखाली नको, पिल्लाच्या उंचीवर हवा

‘शेडच्या मधोमध एक सेन्सर टांगा, ब्रूडर-पंखे-फॉगर आपोआप चालतील’ हे कोंबड्यांच्या स्वयंचलित शेडवरच्या लेखातलं वाक्य नुकसान करणारं आहे. (ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारा हीटर, फॉगर म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारी यंत्रणा.) पत्र्याखालची हवा वेगळी आणि पिल्लाच्या पाठीवरची वेगळी. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 32-33 अंश लागतात. वरचा सेन्सर गरम हवा मोजून ब्रूडर बंद करतो आणि खाली पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात, गुदमरतात. तापमानाचा सेन्सर लिटरपासून (जमिनीवर अंथरलेल्या तुसापासून) चार बोटं वर ठेवा, पक्षी वाढेल तशी दोरी आखडत फूटभरावर न्या. लांब शेडला किमान तीन सेन्सर लागतात. आणि धूळ पुसत राहा, नाहीतर आकडाच चुकतो.

फॉगर नुसत्या तापमानावर चालवूच नका. जत-आटपाडीच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पक्षी वाचवतो, शिराळ्याच्या पावसाळ्यात तोच लिटर भिजवतो. आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की फॉगर बंद, फक्त पंखे. लिटरमधलं भाताचं तूस मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त आहे. मग ओल्या लिटरमधून सुटणारा अमोनिया वायू डोळ्यांना झोंबणारच आणि पक्ष्यांचे तळपाय सोलवटणारच. वीज जाण्याबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! बंदिस्त शेडला आधी वीज गेली की वाजणारा बॅटरीवरचा भोंगा बसवा, मोबाईल ॲप नंतर.