९३ हजार युद्धकैदी सिमल्यात ‘फुकट’ सोडले?

विजय दिवस जवळ आला की हा मजकूर फिरू लागतो: “१९७१ ला ९३ हजार पाकिस्तानी सैनिक आपल्या ताब्यात होते. सिमल्यात ते फुकट सोडले. बदल्यात काश्मीर मागायला हवं होतं. उलट त्यांना जावयासारखं पोसलं, आणि आपले ५४ जवान तिकडेच राहिले.” शेवटच्या वाक्यातलं दुःख खरं आहे, म्हणून आधीचं सगळंही लोकांना खरं वाटतं. ते तसं नाही.

९३ हजारांत सगळे सैनिक नव्हते. निमलष्करी दलं, पोलीस आणि हजारो नागरिकही त्यात होते.

सिमल्यात कुणालाच सोडलं नाही. भारत-पाकिस्तानच्या २ जुलै १९७२ च्या सिमला करारात युद्धकैद्यांच्या परतीवर दोन्ही देशांचे प्रतिनिधी पुढे चर्चा करतील, एवढंच म्हटलंय. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल त्या डिसेंबरात झाली. ढाक्यात शरण आलेल्यांच्या परतीचा करार दिल्लीत २८ ऑगस्ट १९७३ ला झाला आणि ते काम एप्रिल १९७४ पर्यंत चाललं. शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सैन्यापुढे होती, त्यामुळे ढाक्याला डावलून निर्णय घेणार नाही, ही भारताची भूमिका होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली. ‘फुकट’ म्हणताना हे कुणी धरतच नाही.

आता काश्मीरचं. युद्धकैद्यांना कसं वागवायचं हे ठरवणाऱ्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवायचं. जमिनीच्या बदल्यात त्यांना अडकवून ठेवायला तिथे जागाच नाही. हा करार भारताने मान्य केलेला आहे आणि त्यासाठी १९६० मध्ये संसदेने कायदाही केला. शिवाय १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागतीच्या ज्या कागदावर सही केली, त्याच कागदावर भारताच्या जनरल अरोरांची सही आहे, आणि त्यात शरण येणाऱ्यांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवण्याची हमी आहे. त्या शब्दावर हत्यारं खाली ठेवलेल्या माणसांना नंतर ओलीस धरायचं? सैन्याने दिलेला शब्द असा मोडावा, असं मला तरी वाटत नाही.

मात्र कैद्याला थांबवून ठेवण्याचं एक कायदेशीर कारण आहे: त्याच्यावर फौजदारी खटला चालू असणं (कलम ११९). बांगलादेशाला १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. एप्रिल १९७४ च्या भारत-पाकिस्तान-बांगलादेश त्रिपक्षीय करारानंतर तेही खटल्याविना परतले. त्या सुटकेबद्दल चीड यायची तर ती इथे यावी. ज्यांच्या घरच्यांची कत्तल झाली, त्यांचा न्याय तिथे राहून गेला, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्यांचा उल्लेखही नसतो.

‘जावयासारखं पोसलं’ म्हणणाऱ्यांनी आपले वैमानिक जिथे कैदेत होते ती पाकिस्तानातली रावळपिंडीची छावणी आठवावी. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथीदार ऑगस्ट १९७२ मध्ये कोठडीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ पकडले गेले. जिनिव्हा करारानुसार पळून जाताना सापडलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि एका शिक्षेची मुदत तीस दिवसांपलीकडे जात नाही. ते तिघेही त्याच वर्षी घरी आले. ज्या नियमांना आपण इथे लाड म्हणतो, तेच नियम तिथे आपल्या वैमानिकांच्या बाजूने उभे होते.

राहिला प्रश्न त्या ५४ बेपत्ता जवानांचा. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्याशी जुळणारं नाव तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. पत्नी दमयंती तांबे यांनी त्यांचा शोध कधी सोडला नाही. २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, हाती काही लागलं नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीतच, असं पाकिस्तान आजवर सांगत आलाय. पकडलेल्या प्रत्येकाची नोंद करून ती त्याच्या देशाला कळवणं हे पकडणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्यामुळे ५४ जणांचा जाब इस्लामाबादला विचारायचा आहे, आणि आपल्या सरकारांनी तो किती नेटाने विचारला, हे दिल्लीला.